नववीचा इंग्रजीचा तास : अमेरिकेतल्या एका जुन्या वादाचा आढावा

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अमेरिकेत नुकतंच हायस्कूलला लागलेलं मूल घरी एक कागद घेऊन येतं. वर 'इंग्लिश ९' किंवा 'इंग्लिश वन' असं छापलेलं असतं. खाली वर्षभरात काय वाचायचं, गुण कशाकशाला, गृहपाठ उशिरा दिला तर किती कापणार, नक्कल सापडली तर काय होणार, आणि तळाला पालकांच्या सहीसाठी रेघ. आईवडील महाराष्ट्रात शिकून तिकडे गेलेले असतील तर कागद उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, "पाठ्यपुस्तक कुठलं?"

बऱ्याचदा पाठ्यपुस्तक नसतंच. असलं तरी ते वर्गातल्या कपाटात राहतं आणि अधूनमधून बाहेर निघतं. बालभारतीसारखं एकच मंडळ, राज्यभर एकच पुस्तक, धड्याखाली स्वाध्याय आणि बाजारात त्याचं गाईड, ही घडी तिथे नाही. देशात सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. राज्य उद्दिष्टं ठरवतं, डिस्ट्रिक्ट पुस्तकांची यादी मंजूर करतं आणि त्या यादीतून शिक्षक निवड करतात. त्यामुळे नववीच्या इंग्रजीत काय शिकवावं हा प्रश्न तिथे कायम उघडा राहिला आहे. गेली सव्वाशेहून अधिक वर्षं त्यावर वाद चालू आहे. तो आज कुठवर आला आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

वर्गात काय घडतं

अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं, नववी ते बारावी. पहिल्या वर्षाच्या मुलांना फ्रेशमन म्हणतात, वय चौदा-पंधरा. बहुतेक राज्यांत हायस्कूल पूर्ण करण्यासाठी चारही वर्षं इंग्रजी घ्यावं लागतं, म्हणून हा तास कोणालाच चुकत नाही.

शाळा कुठलीही असो, वर्षाचा आराखडा बराचसा सारखा असतो. सुरुवात लघुकथांनी होते. रिचर्ड कॉनेलची १९२४ सालची 'द मोस्ट डेंजरस गेम' ही शिकारकथा अजूनही अनेक वर्गांत वाचली जाते. मग एखादी कादंबरी येते : हार्पर लीची 'टु किल अ मॉकिंगबर्ड', स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन', ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' किंवा सँड्रा सिस्नेरोसचं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट'. होमरच्या 'ओडिसी'तले भाग असतात. शेक्सपिअर बहुधा 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या रूपाने भेटतो. लेखनात एक स्वानुभव, एक साहित्यविश्लेषण, एक युक्तिवाद आणि एक छोटा संशोधननिबंध, उद्धरणं कशी द्यायची याच्या नियमांसकट. बोलण्यालाही गुण असतात. खुर्च्या गोलाकार मांडून मुलांनी आपसांत पुस्तकावर चर्चा करायची आणि शिक्षकाने शक्य तितकं गप्प राहायचं, हा प्रकार लोकप्रिय आहे.

मराठी घरांना सर्वांत अनोळखी वाटतो तो साहित्यविश्लेषणाचा परिच्छेद. समजा, प्रश्न आहे : रोमिओ-ज्युलिएटचा घात नशिबाने केला की घाईने? मुलाने आधी एक दावा मांडायचा, मग नाटकातली ओळ पुरावा म्हणून द्यायची आणि त्यानंतर ती ओळ दावा कशी सिद्ध करते याचं विवरण करायचं. दावा आणि पुरावा मुलांना लवकर जमतात. अडतं ते विवरणात. दिलेल्या ओळीचाच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगून मूल मोकळं होतं, आणि शिक्षक समासात लिहितात, "मग काय?" आपल्याकडे 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' असं विचारलं की कोण, कोणाला, केव्हा म्हणालं ते सांगायचं असे, उत्तर धड्यातच असे. इथे एकाने नशिबाची आणि शेजारच्याने घाईची बाजू घेऊन दोघांनाही पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. "बरोबर उत्तर कुठलं?" या आईच्या प्रश्नाला मूल खांदे उडवतं, ते त्यामुळेच.

हे वर्ष महत्त्वाचं मानण्यामागे अभ्यासाचाही आधार आहे. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधनगटाने २००५ साली त्या शहरातल्या शाळांची आकडेवारी मांडली. नववीच्या अखेरीस पुरेशी क्रेडिट मिळवलेली आणि मुख्य विषयांत एका सेमिस्टरहून जास्त वेळा नापास न झालेली मुलं, मागे पडलेल्या मुलांच्या मानाने साडेतीन पट अधिक प्रमाणात चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करत होती. मुख्य विषयांत इंग्रजी आलंच. एरवी कवितेपुरता वाटणारा हा तास शाळेच्या प्रशासनाला गळतीच्या हिशेबात दिसतो.

हा विषय घडला कसा

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी शाळेत 'इंग्रजी' असा एक सलग विषय नव्हता. व्याकरण, वक्तृत्व, पाठांतर, लेखन यांची वेगवेगळी खाती होती. १८७४पासून हार्वर्डने प्रवेशासाठी ठरावीक साहित्यकृतींवर निबंध मागायला सुरुवात केली. शेक्सपिअरची नाटकं आणि स्कॉटचं 'आयव्हनहो' अशा कृती त्यात होत्या. महाविद्यालयं जे विचारतील ते शाळा शिकवणार, हे ओघानेच आलं. १८९२ साली नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली. त्या समितीच्या शिफारशींनंतर इंग्रजी हा चारही वर्षांचा मुख्य विषय म्हणून रुजला आणि साहित्य व लेखन एका छपराखाली आले.

पुढचे जवळजवळ सगळे वाद त्या छपराखालचेच आहेत. महाविद्यालयांच्या याद्यांचा जाच होऊ लागला तेव्हा शिक्षकांनी १९११ साली शिकागोत नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश ही संघटना काढली. मग १९३८ या एकाच वर्षी दोन पुस्तकं आली आणि दोन घराणी सुरू झाली. क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांचं 'अंडरस्टँडिंग पोएट्री' सांगत होतं की कवितेचा अर्थ कवितेच्या बांधणीतून शोधा, कवीच्या चरित्रातून नव्हे. लुइझ रोझेनब्लॅट यांचं 'लिटरेचर अ‍ॅज एक्स्प्लोरेशन' म्हणत होतं की अर्थ वाचक आणि संहिता यांच्या गाठीभेटीत तयार होतो, तेव्हा मुलाच्या अनुभवाला वर्गात जागा हवी. १९६६ साली डार्टमथ महाविद्यालयात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अभ्यासकांची बैठक झाली. तिने दुसऱ्या घराण्याला बळ दिलं : इंग्रजी हा माहितीचा साठा नसून मुलाच्या वाढीचं साधन आहे.

ऐंशीच्या दशकात लंबक उलटा गेला. शाळांच्या घसरणीचा इशारा देणारा 'अ नेशन अ‍ॅट रिस्क' हा सरकारी अहवाल १९८३ साली आला. १९८७ साली ई. डी. हर्श यांनी 'कल्चरल लिटरसी'त मांडलं की समान माहितीचा पाया नसेल तर वाचनही नीट होत नाही. २०१०मध्ये 'कॉमन कोअर' ही उद्दिष्टं आली आणि चाळीसहून अधिक राज्यांनी ती स्वीकारली. त्यांत नववी आणि दहावीचा एकच गट धरला आहे. पुस्तकांची सक्ती नाही. नमुन्यादाखल यादी आहे, 'ओडिसी'पासून काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस'पर्यंत आणि लिंकनच्या गेटिसबर्ग भाषणापासून मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रापर्यंत. भर मजकुराच्या बारकाईने वाचनावर आणि त्यातून पुरावा काढण्यावर. पुढे काही राज्यांनी ती नाव बदलून ठेवली, काहींनी सोडली. पण दावा-पुरावा ही भाषा सर्वदूर पोचली.

पहिला प्रश्न : पुस्तकं कोणती?

आर्थर अ‍ॅपलबी यांनी १९८९ साली हायस्कूलमध्ये कोणती पुस्तकं शिकवली जातात याची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या दहा कृतींत एकच लेखिका होती, हार्पर ली, आणि गोरेतर लेखक एकही नव्हता. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाहणीशी ताडून पाहता यादी फारशी हललेली नव्हती.

जुनी यादी ठेवावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा निव्वळ परंपरेचा नाही. आजी, आई आणि नात यांनी एकच पुस्तक वाचलेलं असणं ही समाजाची ठेव आहे, असं ते सांगतात. शिवाय शेक्सपिअरसारखं अवघड इंग्रजी घरी आपसूक कोणी वाचत नाही; शाळेने सोडलं तर गरीब घरच्या मुलाला ते कधीच मिळणार नाही.

दुसरी बाजू रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडलेल्या प्रतिमेचा आधार घेते : पुस्तक आरसा असावं आणि खिडकीही. काही मुलांना वर्षानुवर्षं फक्त खिडक्याच मिळतात, आरसा मिळत नाही. २०१८ साली चार शिक्षिकांनी सुरू केलेल्या 'डिसरप्ट टेक्स्ट्स' या उपक्रमाने जुन्या कृतींकडे चिकित्सकपणे पाहावं आणि त्यांच्याशेजारी नवे आवाज ठेवावेत असा आग्रह धरला. मराठी घरातल्या मुलाच्या दृष्टीने हा प्रश्न अगदीच परका नाही. झुंपा लाहिरींच्या 'द नेमसेक'मधल्या गोगोलला स्वतःच्या नावाची वाटणारी लाज, हजेरीच्या वेळी शिक्षक अडखळल्यावर आपलं नाव सोपं करून सांगणाऱ्या मुलाला समजावून द्यावी लागत नाही.

प्रत्यक्षात भांडण कसं होतं याची दोन उदाहरणं पाहू. वॉशिंग्टन राज्यातल्या मकिल्टिओ डिस्ट्रिक्टने जानेवारी २०२२मध्ये 'टु किल अ मॉकिंगबर्ड' नववीच्या सक्तीच्या यादीतून काढलं. मागणी शिक्षकांचीच होती : वंशद्वेषाची ही कथा गोऱ्या तारणहाराच्या नजरेतून सांगितलेली आहे आणि काळी पात्रं कडेला राहतात. बंदी मात्र घातली नाही. ज्या शिक्षकाला शिकवायचं असेल त्याला मुभा ठेवली. फ्लोरिडातल्या हिल्सबरो काउंटीने ऑगस्ट २०२३मध्ये शेक्सपिअरची नाटकं पूर्ण न शिकवता उतारे शिकवण्याचं ठरवलं. कारणांत राज्याच्या परीक्षांबरोबर लैंगिक मजकुराबाबतचे नवे कायदेही होते. पहिला आक्षेप साधारणपणे डावीकडचा मानला जातो, दुसऱ्यामागचे कायदे उजवीकडचे.

न्यायालयांनी चौकट अर्धीच आखली आहे. १९८२च्या पिको खटल्यात सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींच्या सर्वांत मोठ्या गटाने म्हटलं की केवळ विचार पटत नाहीत म्हणून स्कूल बोर्डाला ग्रंथालयातलं पुस्तक काढता येणार नाही. ते वर्गातल्या अभ्यासक्रमाबद्दल नव्हतं. जून २०२५च्या महमूद खटल्यात, धार्मिक कारणावरून आक्षेप असलेल्या पालकांना विशिष्ट गोष्टींच्या पुस्तकांच्या वेळी मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा मिळाली. तो खटला प्राथमिक शाळेचा होता. हायस्कूलच्या कादंबऱ्यांपर्यंत तो किती ताणला जाईल, हे ठरायचं आहे.

दुसरा प्रश्न : अख्खं पुस्तक की उतारे?

कॉमन कोअरने बारावीपर्यंत ७० टक्के वाचन माहितीपर असावं असं म्हटलं, तेव्हा कादंबऱ्या गेल्याच अशी ओरड झाली. खरं तर तो आकडा इतिहास, विज्ञान धरून सगळ्या विषयांचा मिळून होता. पण अनेक शाळांनी तो इंग्रजीच्या तासालाच लावला. त्यातच परीक्षेत उतारेच येतात, म्हणून वर्गातही उतारे वाढले. टेक्ससमध्ये 'इंग्लिश वन'ची परीक्षा हायस्कूल पूर्ण होण्याशी जोडलेली असल्याने तिथल्या नववीवर हा ताण अधिक आला.

उताऱ्यांच्या बाजूचे शिक्षक सांगतात की वेळ मर्यादित आहे. वर्षात दोन कादंबऱ्यांऐवजी वीस वेगवेगळे लेखक वाचता येतात, आणि कमकुवत वाचकाला तीनशे पानांपेक्षा तीन पानांत मदत करणं सोपं जातं. इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने तर २०२२ साली माध्यमशिक्षणावरच्या निवेदनात ग्रंथवाचन आणि निबंधलेखन ही विषयाची शिखरं मानणं आता थांबवावं, अशी भूमिका घेतली. विरोधकांचं म्हणणं असं की चिकाटी पूर्ण पुस्तकातूनच येते. 'ऑफ माइस अँड मेन'चा शेवट उताऱ्यात वाचला तर तो निव्वळ खून वाटतो; आधीची शंभर पानं सोबत असतील तरच जॉर्जची कोंडी कळते. नामवंत विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही सबंध पुस्तक झेपत नाही, अशी प्राध्यापकांची तक्रार 'द अटलांटिक'ने २०२४ साली छापली तेव्हा बोट हायस्कूलकडेच गेलं.

तिसरा प्रश्न : लिहायचं कसं?

नववीत पाच परिच्छेदांचा निबंध पक्का केला जातो : प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. समर्थक त्याला परातीकडे पाहतात तसं पाहतात. पीठ मळायला काहीतरी कड हवी. स्टेटन आयलंडवरच्या न्यू डॉर्प हायस्कूलने ज्युडिथ हॉकमन यांच्या पद्धतीने वाक्यरचनेपासून लेखन शिकवलं आणि निकाल सुधारले, ही हकीगत २०१२पासून ते सांगत आले आहेत. जॉन वॉर्नर यांच्या २०१८च्या पुस्तकाने याउलट बाजू मांडली : साचा भरायला शिकलेलं मूल विचार करायचं टाळायला शिकतं.

व्याकरणाबाबत संशोधन आणि पालकांची समजूत यांत मोठी दरी आहे. सुटं व्याकरण घोटून लेखन सुधारत नाही, असा निष्कर्ष ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी १९६३ सालीच काढला होता. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या २००७च्या अहवालानेही तेच दाखवलं. मात्र छोटी वाक्यं जोडून एक वाक्य करण्याचा सराव उपयोगी ठरतो, हेही त्यात आहे. 'रेन अँड मार्टिन'वर वाढलेल्या पिढीला हे पचायला जड जातं. त्या पिढीचा मुद्दा निकालात निघाला असंही नाही, कारण घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना स्पष्ट नियमांचा फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

चौथा प्रश्न : एक वर्ग की दोन?

देशी पालकांच्या गप्पांत "ऑनर्स मिळालं का?" हा प्रश्न लवकर येतो. बऱ्याच शाळांत नववीपासूनच साधं इंग्रजी आणि वरच्या पातळीचं ऑनर्स इंग्रजी अशी विभागणी होते. जेनी ओक्स यांनी १९८५च्या 'कीपिंग ट्रॅक'मध्ये दाखवलं की अशा वाटण्यांत गरीब आणि गोरेतर मुलं खालच्या वर्गात जमा होतात आणि तिथे त्यांना शिकवलंही कमी जातं. शिकागोजवळच्या इव्हन्स्टन टाउनशिप हायस्कूलने २०१० साली फ्रेशमनांसाठी एकत्र वर्गाचा निर्णय घेतला. ऑनर्सचं श्रेय त्याच वर्गात, ठरवलेल्या कामगिरीवर मिळवायचं. विरोधी पालक म्हणतात की पुढे असलेल्या मुलाचा वेग मारला जातो आणि एकाच शिक्षकाकडून दोन टोकांची मुलं सांभाळण्याची अपेक्षा अवास्तव आहे. संशोधनाचा कौल एकमुखी नाही. मिश्र वर्ग यशस्वी झाले तिथे जादा तासिका आणि लहान वर्ग यांचीही सोय होती, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे वेगळं काढता येत नाही.

पाचवा प्रश्न : लिहिलं कोणी?

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहून आणलेल्या निबंधाचा भरवसा डळमळला. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३मध्ये ते अडवलं आणि मे महिन्यात बंदी उठवली. आज दोन प्रवाह दिसतात. एक प्रवाह लेखन वर्गात, हाताने, घड्याळ लावून करून घेतो. दुसरा यंत्राला आराखडा किंवा अभिप्रायापुरती जागा देतो आणि मसुद्यांची साखळी मागतो. पहिल्यात पुनर्लेखनाला वेळ उरत नाही. दुसऱ्यात मर्यादा कोण पाळतंय ते कळत नाही.

यंत्राने लिहिलेला मजकूर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबणंही धोक्याचं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात साधनं तपासली. परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेलसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक त्यांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळपास अचूक ओळखले. साधी शब्दसंपत्ती आणि सरळ वाक्यं त्यांना संशयास्पद वाटत होती. पुण्याहून किंवा नाशिकहून थेट नववीत दाखल झालेल्या मुलाला याची झळ लागू शकते.

न सुटलेलं

या सगळ्या प्रश्नांवर निर्णायक उत्तर मिळत नाही, याचं एक कारण मोजमापातच आहे. राष्ट्रीय पातळीवरची नेप ही चाचणी चौथी, आठवी आणि बारावीत होते. २०२४ साली आठवीतली ३३ टक्के मुलं वाचनाच्या प्राथमिक पातळीखाली होती. त्याच साली बारावीतली ३५ टक्केच प्रावीण्य पातळीवर पोचली आणि सरासरी गुण १९९२नंतर सर्वांत खाली आले. या दोन टप्प्यांमधली नववी त्या चाचणीच्या फटीत राहते. घसरणीत तिचा वाटा किती, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

मोजता येतं तेही बहुतांशी उताऱ्यावरचं आकलन. चौदाव्या वर्षी सबंध वाचलेली कादंबरी माणसाला पुढे काय देते, हे कुठल्याही प्रश्नपत्रिकेत उतरत नाही. म्हणून पुस्तकवाले आणि कौशल्यवाले एकमेकांना खोडून काढू शकत नाहीत. बहुतेक शिक्षक दोन्हींमधून वाट काढतात : एक जुनं पुस्तक, एक नवं, थोडे उतारे, एक निबंध घरी, एक वर्गात.

तेव्हा सही करण्यापूर्वी त्या कागदावर चार गोष्टी शोधाव्यात. सबंध वाचायची पुस्तकं किती? निबंधाचा पहिला मसुदा परत करून पुन्हा लिहून घेतात का? यंत्राची मदत कुठवर चालते? ऑनर्सचं दार पुढच्या वर्षी उघडं आहे का? कुठली बाजू बरोबर, हे या चार उत्तरांवरून ठरणार नाही. आपलं मूल कुठल्या बाजूच्या वर्गात बसलं आहे, तेवढं कळेल. बाकी या वादात दावे भरपूर आहेत आणि पुरावेही बरेच जमले आहेत. नववीतल्या मुलांप्रमाणेच मोठ्यांचंही अडलंय ते विवरणात, शिक्षकांनी समासात लिहिलेल्या त्या "मग काय?"पाशी.